एकाच नंबराच्या दोन गाड्या

हे लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. टाळायला कारणं कायम हाताशी होती. आधी नोकरी होती, मग मुलींची लग्नं आली, आणि नंतर 'आता एवढ्या जुन्या गोष्टीचं काय' हे सगळ्यात सोयीचं कारण सापडलं. बायकोला मी फार नंतर यातलं अर्धं सांगितलं होतं. त्या अर्ध्यात मी बरा दिसत होतो, म्हणून तेवढंच सांगितलं होतं. आता ती नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मला अक्षरं नीट दिसतात. तेव्हा लिहून टाकतो.

नोकरीची शेवटची बरीच वर्षं मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काढली. माझं काम चुका शोधण्याचं होतं, तेही एका विशिष्ट प्रकारच्या. हल्ली एकाच प्रोग्रामच्या पोटात अनेक कामं एकाच वेळी चालू असतात. त्यांना थ्रेड म्हणतात. दोन थ्रेडनी एकाच गोष्टीला एकाच क्षणी हात घातला, की घोटाळा होतो. गंमत अशी की तो नेहमी होत नाही. हजारदा सगळं सुरळीत चालतं आणि एखाद्या वेळी काहीतरी गायब होतं. आमच्यात त्याला रेस कंडिशन म्हणत.

नवीन लागलेल्या पोरांना मी शिकवायचो. शांतपणे तपासलं तर ही चूक जन्मात सापडणार नाही. आधी एकानं केलं, मग दुसऱ्यानं केलं, दोघांचं बरोबर आलं, म्हणून प्रोग्राम बरोबर आहे असं समजू नका. दोघांना एकदम सोडा. एकजण अर्ध्यात असताना त्याला मुद्दाम थांबवून धरा आणि तेवढ्यात दुसऱ्याला आत घुसवा. मग बघा काय होतं ते. पोरं विचारायची, "सर, हे तुम्ही कुठं शिकलात?" मी म्हणायचो, "उस्मानाबाद जिल्ह्यात." ती हसायची. त्यांना वाटायचं, सर चेष्टा करतायत.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट आहे. तेव्हा धाराशिवला आम्ही उस्मानाबादच म्हणायचो. मी मूळचा जळकोटचा. पुण्यात कम्प्युटर शिकून, थोडी उमेदवारी करून मी परत आलो, कारण जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यानं कम्प्युटर घेतला होता आणि तो चालवणारं माणूस त्यांना पाहिजे होतं. आपल्या भागात परत यायला मिळतंय, तेही टेबलखुर्चीच्या कामावर, म्हणून वडील फार खूश होते.

कम्प्युटर घेतला तो ऊस आणणाऱ्या गाड्यांच्या नंबरासाठी. कारखान्याला दोन फाटकं होती. एकातून बैलगाड्या यायच्या, दुसऱ्यातून ट्रक आणि ट्रॅक्टर. आत आलेल्या प्रत्येक गाडीला नंबर मिळायचा आणि त्या क्रमानं काट्यावर वजन होऊन ऊस गव्हाणीत, म्हणजे गाळपाकडं नेणाऱ्या पट्ट्यावर, पडायचा. आधी हे पत्र्याच्या बिल्ल्यांवर चालायचं आणि बिल्ले वशिल्यानं मिळायचे. चेअरमननी सभेत सांगितलं, आता मशीन नंबर देईल, मशीनला ना सोयरा ना भाऊबंद. विरोधी गटाचे एक संचालक उठून म्हणाले, "माणसाला प्यायला पाणी न्हाय अन् मशीनला गारवा पायजे व्हय?" सभा हसली, पण ठराव मंजूर झाला.

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. पाऊस दोन सालं पाठोपाठ दगा देऊन गेला होता. विहिरींचा तळ दिसत होता, टँकरमागं बायका पळत होत्या आणि कारखान्याच्या सगळ्या आवारात गार हवेची खोली एकच होती, ती माझी. धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढून आत यावं लागे. पहिल्या दिवशी पडद्याला हळदकुंकू लागलं, नारळ मात्र दाराबाहेर फुटला. पुढं कोणीही आलं, अगदी संचालक आले, तरी उंबऱ्याशी आधी वाकून मग आत पाऊल टाकायचे.

मधलं यंत्र माझ्या खोलीत आणि प्रत्येक फाटकावर एक पडदा न् कळफलक, तारेनं जोडलेला. फाटकावरचा कारकून गाडीवानाचं नाव-गाव भरायचा, बटण दाबायचा, पडद्यावर नंबर यायचा, तो चिठ्ठीवर हातानं लिहून गाडीवानाला द्यायचा. हा सगळा प्रोग्राम मी एकट्यानं लिहिला होता आणि मला त्याचा फार अभिमान होता.

ट्रकच्या फाटकावर अण्णा होते. कारखान्याचा पाया खणला तेव्हापासूनचे, मोठ्या घराण्यातले, निवृत्तीला आलेले. कळफलकावर एका बोटानं टिचकी मारायचे, जणू कलिंगड पिकलंय का बघतायत. बैलगाड्यांच्या फाटकावर होता तो भूमकडचा एक तरुण. बौद्ध कुटुंबातला, बी.कॉम. झालेला. आईवडील रोजगार हमीवर खडी फोडायचे आणि त्या घरात पगार आणणारा तो पहिलाच माणूस. अजून हंगामी होता. या हंगामानंतर कायम होईल असं त्याला तोंडी सांगितलेलं होतं. मला इथं जे सांगायचं आहे ते त्याच्या नोकरीबद्दल आणि त्याच्या नावाला लागलेल्या डागाबद्दल.

त्याचं अक्षर सुरेख होतं. चिठ्ठीवरचा आकडा छापल्यासारखा दिसायचा. आणि त्या फाटकावर टिकायला जीभ लागते, ती त्याला होती.

"ओ सायेब, उरका की, बैलं म्हातारी व्हायलीत!"

"बैलं तरणीच हायत मामा, मालक म्हातारा झालाय. गाव सांगा."

"तुझ्या सासुरवाडीचं."

"मग थांबा, आधी पाया पडतो अन् मग नंबर देतो."

रांग हसायची. त्या साली रांगेत हसणं सोपं नव्हतं. तोडलेला ऊस रोज वाळून हलका होतो, आणि पाण्याअभावी कारखाना लवकर बंद पडणार अशी आवई उठली होती. आज नंबर लागला नाही तर ऊस बांधावर टाकून द्यायची पाळी. रांगेतल्या बैलांना पाणी कुठून आणायचं हा वेगळाच घोर. त्या चिठ्ठीवरचा आकडा म्हणजे माणसांचा जीव होता.

हंगाम ऐन भरात आला आणि नंबर गायब व्हायला लागले.

पहिला म्हातारा मला आठवतो. तो भांडायलाच आला होता, पण चपला बाहेर काढून आला. हातातली चिठ्ठी माझ्यापुढं धरली. काट्यावर त्याचा नंबर पुकारला, बैलं जुंपून गाडी पुढं नेली, तर काट्यावरचा माणूस म्हणाला, हा नंबर ट्रकचा आहे आणि ट्रक खाली होऊन गेला. मी पडद्यावर पाहिलं. त्या नंबरावर ट्रकच होता. म्हाताऱ्याचं नाव कुठंच नव्हतं.

"मशीन काय म्हणतंय?" त्यानं विचारलं.

"तुमची नोंदच नाही बाबा."

"म्हंजी म्या आलोच न्हाय?"

"मशीनमध्ये तरी नाही."

"मग भायेर ती बैलं कुणाची हुबी हायत, सायेब?"

मी त्याला नवीन नंबर घ्यायला सांगितलं, रांगेच्या शेवटी. तो चपला घालून गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा एक बैल रांगेतच बसला आणि उठला नाही.

मग आणखी एक गाडी आली, मग आणखी. दर वेळी नंबर बैलगाडीचाच जायचा आणि त्या जागी ट्रक असायचा. ट्रकवाल्याचं कधी काही गेलं नाही. लोकांनी हिशेब लावायला वेळ घेतला नाही. बैलगाडीच्या फाटकावरचा कारकून मशीनमध्ये नोंद न करताच हातानं आकडा लिहून देतो आणि खरा नंबर ट्रकच्या ठेकेदाराला विकतो, असं ठरलं. आकडा त्याच्या हातचा होता, त्या सुंदर अक्षरातला, तेव्हा पुरावाही झाला. काहीजण 'यांना नोकऱ्या दिल्या की असंच' इथंवर उघड बोलले. माझ्यासमोर बोलले. मी पडद्याकडं बघत राहिलो.

एके दिवशी गाडीवानांनी त्याची कॉलर धरली. अण्णा मध्ये पडले म्हणून मार बसायचा वाचला. तो माझ्या खोलीच्या दाराशी आला तेव्हा खिसा फाटून लोंबत होता.

"सायेब, मशीन तपासा तुमी," तो म्हणाला. "म्या बटण दाबल्याबिगर एक चिठ्ठी फाडली न्हाय. मशीन खरं सांगंल."

मी तपासलं. बैलगाडीच्या फाटकावर जाऊन एक नोंद केली, परत येऊन ट्रकच्या फाटकावर केली, पुन्हा तिकडं गेलो. उन्हात कितीतरी खेपा घातल्या. दर वेळी नंबर वेगळा, नोंद जागेवर. दोन फाटकांवर दोन माणसं एकाच वेळी बसलेली असतात आणि मी मात्र एकटाच इकडून तिकडं पळतोय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या प्रोग्रामवर माझा विश्वास होता. घामानं भिजून मी खोलीत आलो आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

चेअरमननी संचालकांसमोर प्रात्यक्षिक ठेवलं. दोन्ही फाटकांवरचे पडदे माझ्या खोलीत आणून एका टेबलावर शेजारी शेजारी मांडले. संचालक अनवाणी, गारठ्यानं खांद्यावरचे टॉवेल अंगाभोवती ओढून बसलेले. अण्णा एका पडद्यापुढं, तो दुसऱ्यापुढं. धुतलेला शर्ट, खिसा शिवून घेतलेला. अण्णांनी ट्रकच्या नोंदी करायच्या आणि त्यानं बैलगाड्यांच्या, जसं फाटकावर चालतं तसं, एकाच वेळी.

अण्णांचं बोट शोधत शोधत चाललं होतं. त्याची नोंद कधीच भरून झालेली असायची. पण तो बटण दाबत नव्हता. बोट बटणावर अधांतरी धरून अण्णांकडं बघत होता. अण्णांनी दाबलं, त्यांच्या पडद्यावर नंबर आला, मग यानं दाबलं. पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्याही वेळी.

एक संचालक म्हणाले, "दोघं एकदम दाबा की रं."

"व्हय जी," तो म्हणाला आणि पुन्हा थांबला.

अण्णा म्हणाले, "दाब की लेकरा. माझी वाट कशाला बघतूस?"

"न्हाय अण्णा. तुमचं हू द्या आधी."

अण्णा खूश झाले. संचालकांतही कोणीतरी म्हणालं, पोरगं रीतीचं आहे. आमच्याकडं वडीलधाऱ्याच्या आधी कोणी पाण्याच्या तांब्यालाही हात लावत नाही, त्यात त्याच्यासारख्या घरातून आलेल्या माणसानं भरल्या बैठकीत अण्णांच्या आधी बटण दाबणं कोणालाच अपेक्षित नव्हतं. त्याला स्वतःला तर नव्हतंच. फाटकावर तो अण्णांना दिसत नव्हता आणि अण्णा त्याला. तिथं रांग अंगावर यायची आणि ज्याचं भरून झालं तो दाबून मोकळा व्हायचा. इथं खांद्याला खांदा लावून बसल्यावर मात्र त्यानं सगळ्या नोंदी अण्णांच्या मागून केल्या.

त्या अधांतरी बोटाकडं बघताना मला समजलं. दोघांनी एकदम दाबलं तर काय होईल हे मी कधी पाहिलंच नव्हतं, आणि आताही कोणी पाहत नव्हतं.

सगळ्या नोंदी बिनचूक आल्या. त्यानं माझ्याकडं पाहून समाधानानं मान हलवली. मशीन बरोबर चाललं म्हणजे आपण सुटलो, असं त्याला वाटत होतं. मशीन बरोबर ठरलं की चूक ठरायला तो एकटाच उरतो, हे त्या खोलीत फक्त त्यालाच कळलेलं नव्हतं.

चेअरमन मला म्हणाले, "बोला साहेब. आहे का मशीनमध्ये दोष?"

मी म्हणालो, "आज तरी काही दिसला नाही."

एवढंच म्हणालो. थांबा, दोघांना पाठीला पाठ लावून बसवू, पुन्हा एकदा घेऊ, असं म्हणायला एक श्वास पुरला असता. चौकशी पुरी होईपर्यंत त्याला कामावरून दूर करायचं ठरलं. तो उभा राहिला, काहीतरी बोलणार होता, पण संचालक चपला शोधत बाहेर पडत होते.

ते गेल्यावर मी दार लावून घेतलं. दोन्ही पडदे अजून टेबलावर होते. प्रोग्राम आधी शेवटचा नंबर वाचायचा, त्यात एक मिळवायचा आणि मग त्या नंबरावर नोंद लिहायचा. ट्रकच्या बाबतीत या दोन कामांच्या मध्ये ठेकेदाराची माहिती शोधून काढावी लागे. त्यात थोडा वेळ जायचा. त्या फटीत मी मुद्दाम आणखी थांबा घातला, यंत्राला मध्येच खोळंबून ठेवलं. एका पडद्यावर ट्रकची नोंद भरून बटण दाबलं. ती अडकलेली असताना दुसऱ्या पडद्यावर बैलगाडीची नोंद केली.

थोड्या वेळानं दोन्ही पडद्यांवर एकच नंबर होता.

ट्रकची नोंद उशिरानं पुरी झाली होती आणि बैलगाडीच्या नोंदीवर जाऊन बसली होती. यादी काढली. बैलगाडी नव्हती. पुन्हा केलं. पुन्हा तेच. ट्रकच्या नोंदीला वेळ जास्त लागायचा म्हणून शेवटी वर राहायचा तो ट्रकच, आणि खाली गाडली जायची ती बैलगाडी. फाटकावर ही वेळ क्वचितच जुळायची, पण रांगा दोन्हीकडं तुडुंब असल्या की जुळायचीच. म्हाताऱ्याचं नाव, गाव, बैल, सगळं यंत्रात आलं होतं. मीच ते पुसलं होतं.

दुरुस्ती किरकोळ होती. एकजण नंबर काढत असेल तर दुसऱ्यानं त्याचं होईपर्यंत थांबायचं, अशी कडी प्रोग्रामला घालायची. टेबलावरचा चहा कोमट होता तोवर घालून झाली. मघाशी एक माणूस बोट रोखून जे करत होता तेच मी यंत्राला शिकवलं. पडदे फाटकांवर परत गेले आणि गाड्या सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायचं ठरवून मी चेअरमनच्या बंगल्यावर गेलो. गेलो होतो हे खरं आहे. बायकोला अर्धं सांगितलं होतं म्हटलं ते इथपर्यंतचं. तिथं विरोधी गटाची माणसं बसली होती, कम्प्युटरच्या खरेदीवरून आवाज चढले होते. ती गेल्यावर चेअरमननी मला शेजारी बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "काल तू आम्हाला वाचवलंस. मशीन फेल गेलं असतं तर आम्ही तोंड कुठं दाखवलं असतं? तुझी कायमची ऑर्डर काढायला सांगितली आहे." मी चहा प्यालो. बशी खाली ठेवली. नमस्कार करून निघालो. परतताना मनाशी म्हणालो, आता चूक दुरुस्त झालीच आहे, पुरावा न मिळाल्यानं तो आपोआप सुटेल.

झालं उलटं. कडी घातल्यापासून एकही नंबर गायब झाला नाही. कसा होणार? आणि फाटकावर आता दुसरा माणूस होता. गाडीवान म्हणायला लागले, कारकून हलला आणि चोरी थांबली. पुरावा नव्हता तो मी तयार केला होता.

निर्णयाच्या आदल्या आठवड्यात तो वडिलांना घेऊन माझ्या घरी आला. वडील खडी फोडायच्या कामावरून तसेच आले होते. पापण्यांवर पांढरी धूळ. बायकोनं त्यांना तांब्याभर पाणी दिलं. ते अर्धंच प्याले आणि त्यांनी तांब्या परत केला. "ऱ्हाऊ द्या माय. तुमालाबी लागंल."

तो खुर्चीवर बसला नाही.

"सायेब, तुमचं ऐकत्यात ते. तुमी एक शबुद टाका."

"चौकशी चालू आहे," मी म्हणालो. "खरं असेल ते बाहेर येईल."

"माझं काय चुकलं तेवढं तरी सांगा. तुमाला ठावं असंल. म्हंजी पुन्यांदा चुकणार न्हाय."

मी म्हणालो, मला काही कल्पना नाही.

वडील म्हणाले, "सायेब, ह्यो ल्हानपणी कुणाच्या शेतातलं बोरबी उचलत नव्हता. भ्यायचा. आमीच सांगितलं हुतं त्याला, आपल्यावर आधी नाव येतं म्हून." मग मुलाकडं वळून, "चल. सायबाला कामं असत्याल."

बायको आतून ऐकत होती. ती म्हणाली, "चोर वाटत नाही हो तो." मी जेवायला बसलो.

बैठकीत मला एकच प्रश्न विचारला गेला. तो गेल्यापासून एकही तक्रार नाही, हे खरं का? मी म्हणालो, खरं आहे. ते खरंच होतं. त्याला काढून टाकलं, कारण लिहून काढून टाकलं, म्हणजे दुसऱ्या कुठल्या संस्थेतही त्याला कोणी उभं करणार नाही अशा रीतीनं. अण्णांनी त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांना काही कळलं होतं असं नाही. ते फक्त म्हणाले होते, "पोरगं माझ्या आधी बटणसुदीक दाबत नव्हतं, ते चोरी करंल व्हय?" उत्तर त्यांच्या तोंडात होतं आणि त्यांनाच ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

पुढं मी पुण्याला गेलो. ज्या गोष्टीनं मी त्याला बुडवलं तीच माझी विद्या झाली. त्यावर घर बांधलं.

निवृत्त झाल्यावर एकदा धीर करून मी भूमला गेलो. एसटी स्टँडजवळ त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे असं कळलं होतं. आठवडी बाजाराची गर्दी होती. तो उकिडवा बसून पंक्चर काढत होता, केस पांढरे झालेले. मला वाटलं, ओळखणार नाही. त्यानं मान वर केली आणि हात पुसत उठला.

"सायेब! या, या. पोरी, बाकडं पूस गं."

त्याची मुलगी दुकानात मदतीला होती. त्यानं चहा सांगितला. वडील कधी वारले ते सांगितलं. एक गिऱ्हाईक आलं, पैसे किती झाले विचारलं. त्यानं मुलीला हाक मारली आणि तिनं पावती लिहिली. माझं लक्ष गेलेलं त्यानं पाहिलं.

"म्या आकडा लिहीत न्हाय आता," तो हसून म्हणाला. "पोरीकडून लिहून घेतो. माझ्या हाताचा भरवसा न्हाय."

"लई इचार केला सायेब. आधी वाटायचं, मशीनच चुकलं. पण मशीन कशाला खोटं बोलंल? त्याला ना माझं वाकडं ना कुणाचं. गर्दीत माझ्याच हातून आकडं चुकीचं उतरलं असत्याल. चोरी न्हाय केली म्या, ते तर मला ठावं हाय. पण त्या म्हाताऱ्याचा बैल मेला, तो माझ्या हातानं मेला. त्याच्या घरी जाऊन पाया पडून आलो म्या, नंतर."

मग त्यानं मला सरळ विचारलं. "तुमाला काय वाटतं? मशीन तर तुमीच बसवलं हुतं."

मुलगी बघत होती. मी म्हणालो, "इतक्या जुन्या गोष्टी कशाला उगाळता? झालं ते झालं."

"व्हय, ते बी खरंय," तो म्हणाला.

उस्मानाबादची गाडी लागली होती. त्यानं मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. खिडकीशी येऊन उभा राहिला आणि गाडी हलल्यावर हात वर केला.

गेल्या वर्षी पुन्हा गेलो, या वेळी नक्की बोलायचं म्हणून. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान होतं. तिथला माणूस म्हणाला, ते काका वारले की. मुलगी सासरी असते, कुठं ते त्याला माहीत नव्हतं. जाताना सगळ्या रस्त्यानं मी जी वाक्यं मनात घोकली होती ती तशीच राहिली. ती अशी होती:

तुम्ही लिहिलेला एकही आकडा चुकीचा नव्हता. पडद्यावर जो नंबर आला तोच तुम्ही चिठ्ठीवर लिहिलात. चूक माझ्या प्रोग्राममध्ये होती. तुम्हाला कामावरून दूर केलं त्याच दुपारी ती मला सापडली, ती मी गुपचूप दुरुस्त केली, आणि त्या दुरुस्तीनंच तुम्हाला चोर ठरवलं. म्हाताऱ्याचा बैलही माझ्यामुळं मेला, तुमच्यामुळं नाही. हे मला तुमच्या वडिलांसमोर सांगता आलं असतं, आणि मी सांगितलं नाही. मला क्षमा करा.